रुखवताचे निळे छाप

११ जानेवारी, रविवार

पहिली पट्टी आज उन्हात धरली. पाच बोटं रुंद कागद, त्याचे पाच भाग. आधी सगळी पट्टी उघडी ठेवली आणि दर चार मिनिटांनी पुठ्ठा एकेका भागावर सरकवत गेलो. धुतल्यावर पहिला भाग जवळजवळ कोरा निघाला, मधला धुरकट, आणि वीस मिनिटांचा शेवटचा भाग दौतीतल्या शाईसारखा. इतका चांगला निळा रंग माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. पट्टी दोरीवर वाळत घातली आणि तिच्याकडे बघत बसलो. जेवायला तीनदा हाक मारावी लागली असं आई म्हणते.

याला सायनोटाइप म्हणतात. मी निळा छाप म्हणतो. लोखंडाची दोन औषधं पाण्यात कालवून कागदाला लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर पान, दोरी, काय हवं ते ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथं निळं, सावली पडेल तिथं पांढरं. मग नुसत्या पाण्याने धुवायचं. पौडला चंद्रकांतकाकांच्या स्टुडिओत होतो तेव्हा त्यांनी एकदा करून दाखवलं होतं. दिवाळीत स्टुडिओ बंद झाला. लोक मोबाइलवरच फोटो काढतात. काकांनी जाताना काचेची चौकट आणि औषधांच्या दोन बाटल्या मला दिल्या.

माझ्या बहिणीचं, जयाचं लग्न २२ फेब्रुवारीला आहे, दारातच. तिचं रुखवत मी करणार आहे. नऊ छाप. पौडच्या दुकानात रुखवत तयार मिळतं, थर्माकोलचा बंगला, काजूचं जोडपं, सगळं भाड्याने. जया म्हणाली, "भाड्याचं मांडायचं आन् सांच्याला परत द्यायचं, त्यात माझं काय?" मी बोलून गेलो की मी करतो. आता बोललो ते बोललो.

आबांना, म्हणजे वडिलांना कळलं तेव्हा ते म्हशीला पेंड घालत होते. म्हणाले, "रुखवत पोरी करत्यात."

१३ जानेवारी

वाईट दिवस. स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीची सावली साडेबाराला बरोबर चौकटीवर येते. मी खाली गेलो होतो. वर आलो तर अर्धा छाप निळा, अर्धा मेलेला.

सावलीचा विचार आधी करायला हवा होता. माझं असंच होतं. बारावी सोडली. आयटीआयला वायरमनला गेलो, तेही सहा महिन्यांत सोडलं. स्टुडिओ मी सोडला नाही, तो बंद झाला, पण गावात तो फरक कोणी करत नाही. हे रुखवत अर्धवट राहिलं तर त्या दिवशी नवरदेवाकडच्या, जांब्याहून आलेल्या बायकांपुढे जयाचं टेबल रिकामं दिसेल, आणि तेही मी सोडलेल्या गोष्टींमध्ये मोजलं जाईल. फक्त ह्या वेळी मोजणारी जया असेल.

१७ जानेवारी

टाकी जागेवर नाही. पार पलीकडच्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या डोक्यावर गेली आहे. पाइपचा जोडही नीट बसवला आहे, वर पट्टी गुंडाळली आहे. आईला विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत. तिला एकटीला ती हलणार नाही, तेव्हा जयाने हात दिला असणार. दोघींचे आभार मानायचे राहिले.

आज दुपारी बारा ते एक सलग ऊन. तीन पट्ट्या. चौदा मिनिटं ठरली. चौदाला निळा गडद येतो आणि भाताच्या लोंबीचं एकेक कुसळ सुटं दिसतं. वीसला कुसळं बुजतात. बाराला निळ्यात दम नाही. चौदा.

माझा चुलत भाऊ शेखर रस्त्यावरून ओरडला, "काय रं राजू, पापड वाळवतुयास काय?" मी म्हटलं, व्हय. तो म्हणाला, "मग येतो संध्याकाळी तळायला." त्याच्याशी नीट बोललो याचं मला बरं वाटलं.

२४ जानेवारी

चार दिवस धरणाकडून ढग. सूर्य येतो, जातो. पहिल्या दिवशी मी घड्याळाने चौदा मोजली आणि छाप फिका निघाला. आज लक्षात आलं की ढग आला की मोजणं थांबवायचं, ऊन आलं की पुढे मोजायचं. मोबाइलमध्ये तशी सोय आहे. एका छापाला आज पाऊण तास लागला, पण त्यातली उन्हाची मिनिटं चौदाच होती. नेच्याचा छाप. पानाच्या प्रत्येक दात्याला टोक आहे. हा मी कुणालाही दाखवू शकतो.

आबा रोज रात्री जेवताना एकच टोमणा मारतात. "आज किती मिन्टं?" मी आकडा सांगतो. ते भाकरी मोडतात. मी सांगणं बंद करायला हवं, पण विचारल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. ढगाचंही सांगितलं. त्यावर "हं" एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार

सहा झाले. लोंबी, नेचा, भाताची चाळण, काथ्याची गाठ, करवंदीची फांदी, विळा. विळ्याला त्रास झाला, कारण तो कागदावर सपाट बसत नाही आणि पात्याखालून ऊन शिरतं. पाच कागद गेले. सहाव्याला पात्याखाली कणकेची बारीक वळी लावली.

आज घरात बोलणं झालं. आबांनी भाड्याच्या रुखवताचं बोलून ठेवलं होतं, दुकानदाराला आजच हो किंवा नाही सांगायचं होतं. आई म्हणाली, दोन्ही मांडू, असू दे भरीला. शेखर बसला होता. तो म्हणाला, "काकी, जांब्याची माणसं हायेत. पाच मजले भाड्याने दिल्यात त्यांनी. त्यांच्याफुडं चाळणीचा फोटू मांडणार?"

जया आतून आली. म्हणाली, "शेखरदादा, त्या चाळणीनं म्या धा वरसं भात चाळलाय. माझं लगीन, माझी चाळण." मग आबांकडे बघून म्हणाली, "दुकानवाल्याला नको म्हणून सांगा."

आबा उठले आणि बाहेर गेले. फोन त्यांनीच लावला. परत आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळलं नाही. माझ्यामुळे त्यांना दुकानदारापुढे शब्द फिरवावा लागला, हे मला बरोबर वाटत नाही.

आता मागे जायला रस्ता नाही. आज झोप येईल असं वाटत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सातवा आंब्याच्या मोहोराचा. आठवा जयाच्या बांगड्यांचा, एकावर एक तिरप्या. नववा काय करावा ते सुचत नव्हतं. जया म्हणाली, "आबांचा हात घे."

मी म्हटलं, ते बसणार नाहीत. तिने स्वतः जाऊन सांगितलं. आबा हात धुऊन वर आले. साबणाने धुतले होते, मनगटापर्यंत. म्हणाले, "कंचा?"

डावा घेतला, कारण उजव्या खांद्याला त्यांना कळ येते. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही, मळणीयंत्रात गेलं आहे. मी विचारलं की बोटापुढे काही ठेवून ते पेर पुरं दाखवायचं का. आबा म्हणाले, "हाय तेवढंच छाप."

ऊन चढत चाललंय, आता बारा मिनिटं पुरतात. बारा मिनिटं हात जरासुद्धा हलता कामा नये. मी दर मिनिटाला सांगत होतो, हलू नका. चौथ्यांदा आबा म्हणाले, "हात काय पळून चाललाय? तू गप बस." त्यांच्या कपाळावर माशी बसली. ती भुवईवरून नाकावर आली. मी हाकलायला वाकलो तर म्हणाले, "सावली पाडू नगंस."

खालून शेखरची हाक आली, "काका, काय धरून बसलाय?"

"ऊन," आबा म्हणाले.

धुतला तेव्हा ते बादलीपाशी उभे होते. आधी हिरवट, मग पाण्यात हळूहळू निळं, आणि मध्ये पांढरा पंजा. खुंटलेलं बोट स्पष्ट. मला वाटतं हा नवांमधला सगळ्यात चांगला आहे. प्रत्येक छापाखाली मी वस्तूचं नाव लिहिलंय. याच्याखाली जयाने लिहू दिलं नाही.

१५ फेब्रुवारी

नऊ पूर्ण. करवंदीचा पुन्हा केला, आधीच्याला डाग होता. आज अकरा मिनिटं लागली. महिन्यात वेळ चौदावरून अकरावर आली आणि प्रत्येक बदल मी आधी पट्टीवर पाहिला, मग छापावर. एकही छाप अंदाजाने केलेला नाही. हे लिहिताना मला बरं वाटतंय. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी तारखेच्या आधी पूर्ण केली आहे.

आबा पडवीला चुना काढतायत. आई म्हणाली डिस्टेंपर आणा, ते म्हणाले लग्नाला चुनाच लागतो. पाठीमागच्या मोठ्या भिंतीला तीन हात दिले. बाकीच्या भिंतींना एकच. का ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी

दिवसभर पौडला, लग्नाच्या खरेदीला. संध्याकाळी आलो तर छापांची फाइल रिकामी.

नऊच्या नऊ छाप पडवीच्या मोठ्या भिंतीवर होते. आबांनी गव्हाच्या खळीने चिकटवले होते. तीन ओळी, प्रत्येकीत तीन, दोरी धरून सरळ रेषेत. मधोमध विळा. हाताचा छाप त्यांनी अगदी कोपऱ्यात लावला होता, त्याची एक कड दाराच्या लाकडी चौकटीवर गेली होती.

मला राग आला. मी पुठ्ठ्यावर लावून, वर पातळ काच घालून मांडणार होतो. न विचारता चिकटवले. पण पांढऱ्या भिंतीवर ते निळं असं काही दिसत होतं की बोललो नाही. भिंत हाताला गार लागत होती.

आबा म्हणाले, "लांबून बघ. हितनं." मी तिथून बघितलं. आई म्हणाली, ते दुपारपासून तिथंच उभे आहेत.

१९ फेब्रुवारी

सगळं गेलं.

सकाळी दार उघडलं तर भिंतीवर नऊ पिवळट कागद. निळं नाही. कुठे कुठे राखाडी वण, लोंबीच्या जागी डाग, नेचा नाहीच. मला वाटलं मी अजून झोपेत आहे.

आधी माझीच चूक वाटली. धुणं कमी पडलं असेल. औषध जुनं असेल. चौदा, बारा, अकरा, हे सगळं मुळातच चुकलं असेल आणि छाप आपोआप विरणारच असतील. मी खाली बसलो. जया बाहेर आली, बघितलं, आणि माझ्या शेजारी बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, तीन दिस हायेत."

तीन दिवसांत काय होतं? बाटल्या संपल्यात. नवीन औषध पुण्याहून यायला चार दिवस. दुकानदाराला आपण नको म्हटलंय.

मग मला दाराची चौकट दिसली. हाताच्या छापाची जी कड लाकडावर होती ती अजून निळी होती. बोटभर. भिंतीवरचा भाग गेला, लाकडावरचा राहिला. मी तिथूनच ओरडलो, "चुना हाय ह्यो. ओल्या चुन्यानं खाल्लंय." मिनिटं चुकली नव्हती. घरभर ऐकू गेलं असेल. गोठ्यात आबा धार काढत होते, तिथली बादली पडल्याचा आवाज आला.

चंद्रकांतकाकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, निळ्याला चुना, सोडा, राख, काहीच चालत नाही. ते निळं आता परत नाही यायचं. कागदात नुसतं लोखंड राहिलंय, म्हणून पिवळं दिसतं." मी विचारलं, काहीच करता येत नाही? ते म्हणाले, कडक चहात बुडवून बघ, थोडं तपकिरी होईल. ओल्या फडक्याने एकेक कागद सोडवला. मोहोराचा फाटला. त्याचा तुकडा चहात घातला. वरणासारखा रंग आला. रुखवतात मांडण्यासारखा नाही.

संध्याकाळी आई जयावर ओरडत होती. पाहुण्यांना फोन करून करून आईचा घसा बसलाय, म्हणून जयाने हिरडा उकळायला ठेवला होता, आणि हाताला लागली ती लोखंडी कढई घेतली होती. आई घोगऱ्या आवाजात म्हणत होती, "लोखंडात हिरडा घालत्यात व्हय गं? शाई झाली बघ त्याची."

मी स्वयंपाकघरात गेलो. कढईतलं पाणी काळं होतं.

कागदात लोखंड राहिलंय, असं काका म्हणाले होते. मी मोहोराचा उरलेला तुकडा आणला, शिल्लक हिरडा दुसऱ्या भांड्यात उकळून त्याचं स्वच्छ पाणी पितळीत घेतलं आणि त्यात सोडला. मोहोर वर आला. डोळ्यांसमोर, काड्या, कळ्या, सगळं, आधी करडं आणि मग काळं. पहिल्यापेक्षा स्पष्ट. जया माझ्या खांद्यावरून बघत होती. आईसुद्धा.

पण आईकडे हिरडा मूठभर होता, तो संपला. प्लास्टिकच्या मोठ्या घमेल्यात आठ छाप बुडवायचे तर पायलीभर तरी लागेल. आबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. भिंत खराब झाल्याचा राग असणार. खळीचे चट्टे पडलेत.

२० फेब्रुवारी

सकाळी आबा घरात नव्हते. चहा न घेता गेले, आई म्हणाली. घरात लग्न, हळद उद्यावर आलेली, आणि घरचा माणूस गायब, म्हणून ती चिडली होती. दहाच्या सुमाराला मोटारसायकल आली. मागे पोतं बांधलेलं. वरच्या वाडीत घरोघरी फिरून हिरडा गोळा केला होता. मी म्हटलं, "एवढा? आबा, पायलीभर पुरला असता." ते म्हणाले, "कमी पडाय नगं." पोतं उतरवून निघून गेले. एवढा कशाला आणला ते मला अजून कळलेलं नाही.

हिरडा कुटला, तांब्याच्या पातेल्यात उकळला, फडक्यातून तीनदा गाळला. आधी कागदाच्या कडांचे बारीक तुकडे घालून पाहिले. पाच मिनिटांत काळं, दहात गच्च, वीस मिनिटांनंतर पांढरा भागही पिवळा होत जातो. दहा ठरली. मग एकेक छाप. चुना जावा म्हणून आधी साध्या पाण्यात धुतला, मग हिरड्यात, मग पुन्हा पाण्यात.

आठही आले.

निळे नाहीत. काळे, कडेला जांभळट, आणि पांढरा भाग जुन्या कापडासारखा पिवळसर. करवंदीचा काटा न् काटा दिसतो. हाताचा छाप सगळ्यात शेवटी केला, भीतीने. लाकडावर राहिलेली बोटभर कड तशीच निळी आहे, बाकी काळा. त्या काळ्यात तो हात.

पडवीत दोरी बांधून चिमट्यांनी लावले. भिंतीला टेकणार नाहीत असे, वीतभर पुढे. स्वतःचं काम चांगलं आहे असं लिहायला मला लाज वाटते. पण ते चांगलं आहे. निळ्यापेक्षा चांगलं आहे.

२३ फेब्रुवारी

काल लग्न झालं. आज घर रिकामं वाटतंय म्हणून लिहायला बसलो.

वऱ्हाड अकराला आलं. जांब्याच्या बायका रीतीप्रमाणे आधी रुखवताकडे गेल्या. टेबलावर आईने लाडू, करंज्या, शेवया मांडल्या होत्या आणि वर दोरीला आठ छाप. मी मांडवाच्या कडेला, पत्रावळींच्या गठ्ठ्यांमागे जाऊन उभा राहिलो. तिथून ऐकू येत होतं आणि मी दिसत नव्हतो.

नवरदेवाच्या शुभांगीआत्या पुढे होत्या. त्यांनी चष्मा लावला. एकेक छाप जवळून बघितला, हाताच्या छापापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "हे दुकानातलं नाही. कोणी केलंय?"

आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईचा आवाज बसलेला. शेखर पाण्याचा जग घेऊन उभा होता, त्याने माझ्या दिशेला बघितलं आणि मान फिरवली. मला वाटलं आता कोणीतरी म्हणणार, असंच, घरीच.

"माझ्या थोरल्यानं." आबा होते. डोक्याला फेटा, हातात अक्षतांचं ताट. "राजूनं."

"मुलानं?"

"व्हय. रुखवत पोरानं केलंय. त्यो बगा, पत्रावळ्यांमागं हुबा हाय."

सगळ्या वळल्या. मी गठ्ठ्याला टेकून उभा राहिलो.

आबा थांबले नाहीत. "निळी हुती आदी. लई झ्याक निळी. म्या ओल्या चुन्याच्या भिताडाला चिकटावली आन् रातीत घात केला. घात म्या केला, ह्यानं न्हाई. ह्यानं हिरडा घालून परत उबी केली." चारचौघांत, व्याह्यांच्या माणसांपुढे, ताट हातात धरून त्यांनी हे सांगितलं. मला ते सांगायचं कारण कळलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

आत्यांनी विचारलं, "पण म्हणजे फोटो आहेत का हे? कॅमेऱ्याने?"

"न्हाई, न्हाई. उनानं. औषिद लावायचं अंधारात, वर वस्तू ठिवायची, आन् उनात धरायचं."

"किती वेळ?"

"चौदा मिन्टं," आबा म्हणाले. "घड्याळ लावून. ढग आला की मोजायचं थांबायचं, ऊन पडलं की फुडं मोजायचं. सावली पडू द्यायची न्हाई. आन् हात असला तर हलवायचा न्हाई."

चौदा हा जानेवारीचा आकडा आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर तो अकरावर आला होता, आणि हाताच्या छापाला तर बाराच मिनिटं लागली होती. आत्या मान हलवत होत्या, मागच्या दोघी-तिघी एकमेकींना सांगत होत्या, चौदा, चौदा. आबांनी माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना, असं.

मी मान हलवली. बरोबर.